गुन्हा शिरवळात, नोंद सातासमुद्रापार

पुण्याहून साताऱ्याकडे येताना सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडली की सातारा जिल्हा सुरू होतो आणि पाठोपाठ शिरवळ लागतं. खंडाळा तालुक्यातलं हे गाव आता औद्योगिक पट्ट्यात मोडतं. कारखाने, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, परगावच्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आणि रात्रंदिवस वाहणारा महामार्ग, असा इथला पसारा. अशा गावात फसवणूक होवो, अपहरण होवो की धमकीचा मेसेज येवो, फिर्याद शिरवळच्या ठाण्यात नोंदली जाते, पण तपासाला लागणाऱ्या नोंदी गावात नसतात. कॉलचा तपशील मोबाइल कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये, गाडीच्या फास्टॅगचा तपशील मुंबईत, यूपीआयच्या व्यवहाराचा बेंगळुरूत किंवा नोएडात आणि व्हॉट्सॲप-इन्स्टाग्रामच्या खात्याचा कॅलिफोर्नियातल्या कंपनीकडे.

राज्याच्या पोलिसांना राज्याबाहेरच्या, देशाबाहेरच्या कंपन्यांकडून या नोंदी कायद्याने कशा मिळतात, कितपत मिळतात आणि कोणाच्या सहीने मिळतात, हा आज प्रत्येक तपासातला प्रश्न आहे. त्याचा आढावा घेताना एक विसंगती सतत समोर येते. देशातल्या कंपनीकडच्या नोंदी पोलिसांच्या एका पत्रावर, कोणत्याही न्यायाधीशाला न विचारता मिळतात. परदेशी कंपनीकडचा मजकूर मात्र भारतीय न्यायाधीशाने सांगूनही थेट मिळत नाही, त्याला अमेरिकी न्यायाधीश लागतो. एक दार सताड उघडं आणि दुसरं जवळपास बंद, अशी ही व्यवस्था आहे. दोन्हींचा दोष एकच आहे, तो शेवटी पाहू.

कलम जुनं, ताबा नवा

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दस्तऐवज हजर करायला लावणारं कलम ९४ होतं. १९७३ च्या संहितेत ते ९१ झालं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते फिरून ९४ वर आलं. सव्वाशे वर्षांत तत्त्व बदललेलं नाही. तपासासाठी हवी असलेली वस्तू ज्याच्या ताब्यात किंवा अधिकारात असेल, त्याला ती हजर करायला सांगायचं. कोर्ट त्यासाठी समन्स काढतं आणि पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देतो. नव्या संहितेने इलेक्ट्रॉनिक संदेश आणि डिजिटल पुरावा असू शकेल अशी उपकरणं या कलमात स्पष्ट शब्दांत घातली. आदेश न पाळणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २१० खाली शिक्षा आहे, पण पोलिसांचा आदेश मोडला तर ती महिनाभराची साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंतचा दंड, एवढीच. जागतिक कंपनीला याचा धाक किती वाटणार, हे सांगायला नको.

याच कलमाला एक अपवाद पहिल्यापासून आहे. टपाल खात्याच्या ताब्यातलं पत्र, पोस्टकार्ड किंवा पार्सल पोलिसांना या कलमाखाली मागता येत नाही. त्यासाठी नव्या संहितेत वेगळं कलम ९५ आहे आणि त्याखाली जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांचा आदेश लागतो. म्हणजे शिरवळच्या पोस्टात पडलेल्या पाकिटाला आजही वरिष्ठ दंडाधिकाऱ्याचं संरक्षण आहे. तेच शब्द ईमेलने पाठवले तर कायद्याच्या पुस्तकापुरतं ठाण्याच्या अधिकाऱ्याचं पत्र पुरतं. ईमेल प्रत्यक्षात हाती लागत नाही ती कंपनी परदेशी म्हणून. आपल्या कायद्याने ती राखली आहे म्हणून नव्हे.

राज्याबाहेर, पण देशात

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा राज्याचा विषय आहे, तर टपाल, तार आणि टेलिफोन केंद्राचे. फौजदारी प्रक्रिया मात्र देशभर एकच. त्यामुळे शिरवळच्या ठाण्याने काढलेली कलम ९४ ची नोटीस गुरुग्रामच्या कंपनीलाही लागू होते आणि चेन्नईच्या बँकेलाही. हरियाणाच्या कोर्टात जाऊन वेगळा हुकूम आणावा लागत नाही.

ही सोय मोठी आहे, हे अमेरिकेकडे पाहिलं की कळतं. तिथे फौजदारी कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा आणि राज्याच्या न्यायाधीशाचं वॉरंट राज्याच्या सीमेवर थांबतं. बड्या इंटरनेट कंपन्या कॅलिफोर्नियात, गुन्हा ओहायोत किंवा टेक्सासात. म्हणून कॅलिफोर्नियाने आपल्या दंडसंहितेतच तरतूद केली. राज्याबाहेरची कंपनी कॅलिफोर्नियात व्यवसाय करत असेल तर तिने तिथलं वॉरंट मानायचं, आणि कॅलिफोर्नियाच्या कंपन्यांनी इतर राज्यांची वॉरंटं आपल्याच कोर्टाची समजून पाळायची. इतर राज्यांनीही अशा वाटा काढल्या. पण २०२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण काढून घेतलं आणि राज्याराज्यांत जुंपली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा करून आपल्या कंपन्यांना बजावलं, की तिथे कायदेशीर असलेल्या गर्भपाताच्या तपासासाठी दुसऱ्या राज्याने वॉरंट पाठवलं तर नोंदी द्यायच्या नाहीत. राज्यांमधल्या भिंतींचा तोटा तपासाला होतो, पण वेळप्रसंगी नागरिकाला त्यांचाच आडोसा मिळतो. आपल्याकडे भिंत नाही, त्यामुळे आडोसाही नाही.

पोलीस सर्वांत आधी मागतात तो सीडीआर, म्हणजे कॉलच्या तपशिलाची नोंद. त्यात दोन्हीकडचे नंबर, तारीख, वेळ, कॉलचा कालावधी, हँडसेटचा आयएमईआय, सिमचा आयएमएसआय आणि कॉल सुरू व संपताना पकडलेल्या टॉवरचा सेल आयडी असतो. बोलण्याचा शब्दही नसतो, तरी माणूस कुठे राहतो, कुठे जातो, रात्री कोणाशी बोलतो, हे सगळं कळतं. जोडीला सिम घेताना भरलेला अर्ज आणि इंटरनेट वापराचा आयपीडीआर. एखाद्या ठिकाणी ठरावीक वेळेत कोणकोणते मोबाइल होते हे पाहायचं तर टॉवर डम्प. शिरवळसारख्या हद्दीवरच्या गावात यातही गंमत होते. टॉवरला जिल्ह्याची हद्द कळत नाही. नीरेच्या अलीकडचा मोबाइल पलीकडच्या टॉवरवर लागू शकतो, आणि महामार्गावरच्या टॉवरच्या डम्पमध्ये गावकऱ्यांच्या जोडीला बेंगळुरूपर्यंत जाणारे शेकडो प्रवासी येतात. त्यांतल्या कोणाचाही गुन्ह्याशी संबंध नसतो, तरी त्यांची त्या वेळची जागा तपासाच्या फाइलमध्ये जाते. डिसेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटी बदलून या नोंदी जपण्याची किमान मुदत एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली.

रस्त्यावरची नोंद वेगळीच. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून फास्टॅग सक्तीचा झाला. शिरवळच्या उत्तरेला खेड-शिवापूरचा टोलनाका, दक्षिणेला आनेवाडीचा. चोरीची गाडी दोन्हींमध्ये कुठेतरी थांबली, की एक नाका ओलांडून दुसऱ्यावर पोचलीच नाही, हे टॅगच्या वेळांवरून काढता येतं. त्या वेळा टोल कंपनीकडे, टॅग देणाऱ्या बँकेकडे आणि मुंबईच्या राष्ट्रीय देयक महामंडळाकडे असतात. बँकांच्या नोंदींना १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्यापासून प्रमाणित प्रतीची सोय आहे. ऑनलाइन फसवणुकीत १९३० या हेल्पलाइनवर तक्रार गेली की पैसे ज्या ज्या खात्यांत पळाले, त्यांच्या बँकांना लगेच कळवण्याची यंत्रणाही आहे. वेळेत फोन केला तर इथे राज्याची सीमा आड येत नाही.

पण जे सहज मिळतं ते सहज विकलंही जातं. २०१८ साली ठाणे पोलिसांनी सीडीआर बेकायदा मिळवून विकणाऱ्यांवर कारवाई केली, त्यात खासगी गुप्तहेरांना अटक झाली. त्याआधी २०१३ मध्ये दिल्लीत एका बड्या राजकीय नेत्याचे कॉल तपशील बेकायदा काढले गेल्याचं प्रकरण गाजलं. त्यानंतर सीडीआर मागण्याचा अधिकार पोलीस अधीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांच्या हाती ठेवण्यात आला. बंदोबस्त वाढला, तरी सही पोलिसांचीच राहिली.

शिरवळच्या नोटिशीला जशी हरियाणाची कंपनी उत्तर देते, तशी हरियाणाच्या नोटिशीला शिरवळच्या दुकानदाराची बँकही देते. फसवणुकीतले पैसे चार खाती फिरून एखाद्या किराणा दुकानाच्या क्यूआर कोडवर पाचशे रुपयांच्या खरेदीतून आले, की दूरच्या राज्यातल्या ठाण्याच्या मेलवर खातं गोठतं. दुकानदाराने दाद मागायची कुठे? ज्या ठाण्याचं नाव त्याने कधी ऐकलेलं नाही, तिथे. सीमा नसण्याचा लाभ फक्त आपल्याच पोलिसांना मिळतो असं नाही.

देशाबाहेर: तीन थर

परदेशी कंपनीकडच्या माहितीचे कायद्याच्या नजरेने तीन थर पडतात. पहिला खातेदाराचा: नाव, नंबर, ईमेल, खातं उघडल्याची तारीख. दुसरा वापराचा: कोणत्या आयपी पत्त्यावरून कधी लॉगिन झालं. तिसरा मजकुराचा: मेल, फोटो, चॅट. अमेरिकेच्या १९८६ च्या स्टोअर्ड कम्युनिकेशन्स कायद्यानुसार तिथल्या कंपनीला पहिले दोन थर परदेशी पोलिसांना आपणहून देता येतात. तिसरा थर देण्यास मनाई आहे. त्यासाठी अमेरिकी न्यायाधीशाचं वॉरंट लागतं आणि वॉरंटसाठी गुन्हा घडल्याचं सबळ कारण दाखवावं लागतं.

पहिल्या दोन थरांसाठी गूगल, मेटा वगैरे कंपन्यांनी पोलिसांसाठी स्वतंत्र पोर्टल उघडली आहेत. सरकारी मेलवरून लॉगिन करायचं, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं आणि कलम ९४ ची नोटीस जोडायची. माणसाच्या जिवाला धोका असेल तर तातडीची वेगळी सोय आहे. औपचारिक मागणी येईपर्यंत खातं जसंच्या तसं जपून ठेवा, अशी विनंती केली तर ते नव्वद दिवस जपलं जातं. ही विनंती पहिल्याच दिवशी करायची असते. ती राहून गेली आणि आरोपीने खातं पुसलं, तर पुढचा सगळा पत्रव्यवहार वाया. मेटाकडे येणाऱ्या सरकारी मागण्यांत गेली काही वर्षं भारत आघाडीच्या देशांत असतो.

उत्तर आलं म्हणजे काम झालं असं नाही. समजा कंपनीने कळवलं, की वादग्रस्त खात्यात १४ तारखेला २० वाजून १० मिनिटांनी अमुक आयपी पत्त्यावरून लॉगिन झालं. ही वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. त्यात साडेपाच तास मिळवले की आपल्याकडे १५ तारखेच्या मध्यरात्रीनंतरचा एक चाळीस होतो. वेळच काय, तारीखही बदलते. हे मिळवायचं राहिलं तर मोबाइल कंपनी त्या वेळी तो पत्ता वापरणाऱ्या भलत्याच ग्राहकाचं नाव देते. दुसरी अडचण पत्त्याची. आयपी पत्ते कमी आणि मोबाइल कोट्यवधी, म्हणून एकच पत्ता एका वेळी शेकडो ग्राहकांत वाटलेला असतो. त्यांतला नेमका कोण, हे पोर्ट नंबरवरून कळतं. परदेशी कंपनीने पोर्ट नंबर दिला नसेल तर इथली कंपनी लांबलचक यादी पाठवते आणि तपास तिथेच घुटमळतो. चुकीच्या दारावर थाप पडते ती बहुधा या दोन जागांवर.

सातारा जिल्ह्याला या प्रश्नाचं गांभीर्य सांगावं लागत नाही. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून दंगल उसळली, एकाचा जीव गेला, जिल्ह्यात इंटरनेट बंद ठेवावं लागलं. अशा प्रसंगी सगळ्यांत तातडीचा प्रश्न असतो: खातं ज्याच्या नावाचं दिसतं त्यानेच ते लिहिलं, की दुसऱ्या कोणी त्याच्या नावाने? जमाव हा प्रश्न विचारत नाही. उत्तर कंपनीच्या लॉगिन नोंदीत असतं आणि ते मिळायला जाणारा प्रत्येक तास गावाला महाग पडतो. त्यात आणखी एक मेख आहे. अमेरिकेत अभिव्यक्तीचं संरक्षण इतकं विस्तृत आहे, की आपल्याकडे गुन्हा ठरणारा बराच मजकूर तिथे गुन्हाच नसतो. तेव्हा मजकुराच्या थरासाठी वॉरंट मागितलं तरी नकार येऊ शकतो.

गृह मंत्रालयामार्गे वॉशिंग्टन

तिसऱ्या थराचा राजमार्ग परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार. भारत-अमेरिका करार ऑक्टोबर २००१ मध्ये झाला आणि ऑक्टोबर २००५ मध्ये अमलात आला. याखेरीज संहितेच्या कलम ११२ खाली आपलं कोर्ट परदेशी अधिकाऱ्यांना विनंतीपत्र पाठवू शकतं. दोन्ही वाटा दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालयातून जातात. तपासी अधिकाऱ्याचा मसुदा पोलीस अधीक्षकांकडे, तिथून राज्याच्या गृह विभागाकडे, मग केंद्राकडे, मग अमेरिकेच्या न्याय विभागाकडे, तिथून सरकारी वकिलामार्फत न्यायाधीशापुढे, मग कंपनीकडे आणि त्याच पायऱ्यांनी परत. मसुद्यात एखादी त्रुटी राहिली की फाइल पहिल्या पायरीवर येते. अमेरिकेच्या अध्यक्षांनी नेमलेल्या तज्ज्ञ गटानेच डिसेंबर २०१३ मध्ये सांगितलं, की अशा मागण्यांना सरासरी दहा महिने लागतात. आपल्याकडे आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याच्या स्वरूपानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र द्यावं लागतं, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. दहा महिने आणि नव्वद दिवस यांचा मेळ बसत नाही. मग परदेशी पुरावा सोडून देऊन तपास आटोपला जातो.

मनावर घेतलं तर यंत्रणा हलते, हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेकी आणि त्यांचे पाकिस्तानातले सूत्रधार इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनसेवेने बोलत होते. ती सेवा न्यू जर्सीतल्या कॉलफोनेक्स या कंपनीची. तिच्या नोंदी अमेरिकी तपास यंत्रणेच्या मदतीने खटल्यात आल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालात त्यांची सविस्तर चर्चा झाली. दुसरं उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, देशातही काढले गेले, आणि जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका बँकेत वळते झाले. पुणे पोलिसांनी देशात पैसे काढणारे पकडले आणि २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने अकरा जणांना शिक्षा ठोठावली. हाँगकाँगमधल्या रकमेचा काही भाग परत आला. देशातले प्यादे सापडले, कारण एटीएमचं चित्रण आणि सीडीआर हाताशी होते. पटामागचे हात परदेशातल्या नोंदींत राहिले.

दहशतवादी हल्ल्यासाठी किंवा ९४ कोटींसाठी राजधान्या हलतात. शिरवळच्या कामगाराचे दोन लाख गेले तर त्यासाठी करारातून मागणी करायचा विचारही ठाण्यात कोणी करत नाही, आणि त्या अधिकाऱ्याला दोष देता येत नाही.

कंपनीला इथे आणायचा मार्ग

नोंदीपर्यंत जाता येत नसेल तर कंपनीलाच इथे बांधून घ्यायचं, हे धोरण भारताने गेल्या काही वर्षांत धरलं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये देयक व्यवहारांचा सगळा तपशील भारतातच साठवण्याचा आदेश दिला. तो न पाळल्याबद्दल २०२१ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस आणि मास्टरकार्ड यांना नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली. त्यानंतर कंपन्या वळणावर आल्या, मास्टरकार्डवरची मनाई २०२२ मध्ये उठली.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यम कंपन्यांना भारतात अनुपालन अधिकारी, पोलिसांशी चोवीस तास संपर्कात राहणारा नोडल अधिकारी आणि तक्रार अधिकारी नेमायला लावलं. अधिकृत यंत्रणेच्या लेखी आदेशावर ७२ तासांत माहिती द्यायची आणि खातं बंद झालं तरी नोंदणीची माहिती १८० दिवस जपायची, हे बंधन आलं. न पाळल्यास इतरांच्या मजकुराबद्दल कंपनीला मिळणारं कायदेशीर कवच जातं. पाच हजारांच्या दंडापेक्षा हा धाक खरा. याच नियमांत मेसेज सगळ्यांत आधी कोणी पाठवला ते सांगा, अशीही तरतूद आहे. तिला व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. २०१६ पासून तिथले संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्यापुरते कुलूपबंद आहेत, मूळ प्रेषक शोधायचा तर हे कुलूपच निरर्थक होईल, असा कंपनीचा दावा आहे.

एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत देणं आणि १८० दिवसांचे लॉग जपणं सक्तीचं केलं. व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएनने भारतातले सर्व्हरच हलवले. बांधायला गेलं की काही जण दोर तोडून जातात, हे त्यातून दिसलं.

न्यायालयंही सर्व्हरच्या जागेची सबब ऐकेनाशी झाली आहेत. टेलिग्रामवर शिकवणीच्या साहित्याची चोरी होत असल्याच्या खटल्यात कंपनीने डेटा सिंगापूरमध्ये असल्याचं आणि तिथला कायदा आड येत असल्याचं सांगितलं. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये ते फेटाळलं आणि चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती कंपनीला द्यावी लागली. इथे धंदा करायचा तर इथलं कोर्ट मानायचं, असा त्याचा अर्थ.

जगाने काढलेल्या वाटा

हाच वाद अमेरिकेतही उलट्या अंगाने झाला. २०१३ साली तिथल्या वॉरंटने मायक्रोसॉफ्टकडे एका खात्याचे मेल मागितले. ते डब्लिनच्या सर्व्हरवर होते. कंपनीने नकार दिला, २०१६ मध्ये अपील न्यायालयाने तो उचलून धरला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल लागण्याआधीच मार्च २०१८ मध्ये क्लाउड कायदा झाला. त्याने सांगितलं, की कंपनी अमेरिकी असेल तर सर्व्हर कुठेही असो, नोंद द्यायची. जोडीला, विश्वासातल्या देशांशी करार करून त्यांच्या पोलिसांना अमेरिकी कंपन्यांकडून मजकूरही थेट मागता येईल अशी वाट उघडली. ब्रिटनशी असा करार ऑक्टोबर २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाशी जानेवारी २०२४ पासून अमलात आहे. भारताशी नाही.

युरोपियन युनियनच्या २०२३ च्या नियमावलीने एका सदस्य देशाच्या आदेशावर दुसऱ्या देशातल्या कंपनीने दहा दिवसांत, तातडीच्या वेळी आठ तासांत नोंद देण्याचं ठरवलं. तिच्या अंमलबजावणीची तारीख १८ ऑगस्ट २०२६. सायबर गुन्ह्यांवरचा २००१ चा बुडापेस्ट करार युरोपाबाहेरच्याही अनेक देशांनी मान्य केला, भारत त्यात नाही. आपल्याला विचारात न घेता तयार झालेल्या मसुद्यावर सही का करायची, ही भारताची जुनी भूमिका. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये वेगळा सायबर गुन्हे करार संमत केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोई इथे तो सह्यांसाठी खुला झाला. तो अमलात यायला चाळीस देशांची अंतिम मान्यता लागते. शिरवळच्या ठाण्याला त्याचा उपयोग व्हायला बराच अवकाश आहे.

मिळालं, पण कोर्टात टिकलं का?

नोंद हाती येणं ही अर्धी लढाई. उरलेली अर्धी महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने देशाला शिकवली. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिलं. निवडणूक कार्यालयातलं चित्रण हा पुरावा होता, पण इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत लागणारं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकारी देईनात. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरवलं, की मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, मात्र ताबा असलेला माणूस ते देत नसेल तर कोर्टाकडून हुकूम मिळवता येतो. तपासात लागणारे सीडीआर मुदतीआधी पुसले जाऊ नयेत म्हणून मोबाइल कंपन्यांना निर्देशही दिले.

आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली हे प्रमाणपत्र दोन भागांत लागतं, दुसरा भाग तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, नमूद करावं लागतं. पोर्टलवरून उतरवलेली फाइल कोणी, कधी, कोणत्या संगणकावर घेतली आणि तिचं हॅश काय, हे त्याच क्षणी टिपलं नाही तर चार वर्षांनी साक्षीत बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो. परदेशी साक्षीदाराचा प्रश्न तुलनेने सुटला आहे. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सने घेता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या प्रफुल्ल देसाई प्रकरणात २००३ मध्येच मान्य केलं.

दोन दारं, एकच उणीव

आता सुरुवातीच्या विसंगतीकडे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला आणि त्यात सरकारी हस्तक्षेप कायद्याने, रास्त हेतूने आणि प्रमाणात असला पाहिजे, ही कसोटी आली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनीतकुमार प्रकरणात ती लावून फोन टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. टॅपिंगला निदान राज्याच्या गृहसचिवांची मंजुरी आणि आढावा समिती आहे. साठवलेल्या नोंदींना तेवढंही नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या कार्पेंटर निकालात मोबाइलच्या जुन्या टॉवर नोंदींसाठीही वॉरंट लागेल असं ठरवलं. आपल्याकडे त्याच नोंदी पोलीस अधीक्षकांच्या मंजुरीवर मिळतात. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण गुन्ह्याच्या तपासाला त्या कायद्यातल्या बहुतेक बंधनांतून सूट आहे.

या तपासणीच्या अभावाची किंमत नागरिक मोजतो, तशी पोलीसही मोजतात. क्लाउड कायद्याखालच्या कराराची एक अट अशी, की मागणीचा आदेश न्यायालयाच्या किंवा स्वतंत्र अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली असला पाहिजे. ठाण्याच्या अधिकाऱ्याने स्वतःच काढलेलं, कोणी न तपासलेलं कलम ९४ चं पत्र या अटीत बसत नाही. आपल्या दारावर न्यायाधीश नाही म्हणून पलीकडचं दार उघडत नाही.

उपाय अवघड नाही. खातेदाराचं नाव आणि नंबर पोलिसांच्या पत्रावर मिळू द्यावेत, ७२ तासांची मुदत काटेकोर पाळून घ्यावी. लांब काळाचा सीडीआर, टॉवर डम्प आणि मजकूर यांसाठी मात्र दंडाधिकाऱ्याचा कारणांसह आदेश असावा, जसा पोस्टातल्या पाकिटाला लागतो. खंडाळ्याचं कोर्ट शिरवळपासून दूर नाही आणि तातडीच्या वेळी हा अर्ज ऑनलाइनही होऊ शकतो. जिवाला धोका असेल तर आधी नोंद घ्यावी आणि ठरावीक तासांत आदेशावर शिक्कामोर्तब करून घ्यावं. ज्याच्या नोंदी काढल्या, त्याला तपास संपल्यावर कळवावं. चुकीचा आदेश झाला तर दाद मागायची सोयही जवळ आली आहे, कारण १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा आणि सांगलीसह सहा जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. महाराष्ट्र सायबर विभागासाठी राज्याने ८३७ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. त्यातला थोडा पैसा परदेशी मागण्यांचे मसुदे तपासून देणाऱ्या कक्षावर आणि ठाण्यांतल्या अंमलदारांना प्रमाणवेळ, पोर्ट नंबर, हॅश शिकवण्यावर खर्च झाला तर तपास अर्ध्यात अडकणार नाहीत.

असा आदेश देणारा दंडाधिकारी आपल्याकडे असेल, तेव्हाच दिल्लीला वॉशिंग्टनशी थेट कराराची बोलणी ताठ मानेने करता येतील. नाहीतर साताऱ्याच्या माणसाच्या खासगीपणाची राखण कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशाकडेच राहील, आणि साताऱ्याच्या फिर्यादीलाही त्याच न्यायाधीशाच्या सहीची वाट पाहावी लागेल.